उपासनागृहाची वास्तू आणि श्रद्धेचे शिक्षण

उपासनागृह म्हणजे केवळ ऊनपावसापासूनचा आसरा नव्हे. ज्या जागेत भाविक एकत्र जमतात, ती जागा त्यांच्या श्रद्धेला नकळत वळण लावीत असते. म्हणूनच द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात पवित्र कलेस स्वतंत्र प्रकरण दिले. ख्रिस्तसभेने कोणतीही एकच कलाशैली आपली मानलेली नाही, आणि नव्या मंदिराची रचना सर्वांच्या सक्रिय सहभागास पोषक असावी, हे त्यातील दोन मुद्दे आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटतात.

इंग्लंडमधील लिव्हरपूलचे कॅथेड्रल (१९६७) हे याचे ठळक उदाहरण होय. वास्तुशिल्पी फ्रेडरिक गिबर्ड यांनी वर्तुळाकार मंदिराच्या मध्यभागी वेदी ठेविली आणि तिच्यावर रंगीत काचांचा मनोरा उभारिला. वेदीभोवती बसलेल्या भाविकांना एकमेकांचे चेहरे दिसतात. आपण प्रेक्षक नसून एक कुटुंब आहोत, हे वेगळे सांगावे लागत नाही.

कॅथेड्रल नसले, तरी दादरचे 'पोर्तुगीज चर्च' आपणांस अधिक जवळचे. तेथील नवे मंदिर चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्यानुसार १९७०च्या दशकात बांधले गेले. काँक्रीटच्या उंच कवचांखालील जागा व उघडी अंगणे यांची त्यांनी गुंफण केली. मुंबईच्या दमट हवेत वारा खेळता राहावा, हा व्यावहारिक हेतूही त्यात साधला. मंदिर आपल्या मातीचे होण्यासाठी कळस-कमानींची नक्कल करावी लागत नाही. तेथील हवा, प्रकाश व माणसांची राहणी ओळखणे पुरेसे असते.

तथापि 'नव्या मंदिरात पावित्र्य जाणवत नाही' ही वडीलधाऱ्यांची तक्रार धर्मगुरूंनी हसण्यावारी नेऊ नये. जुनी मूर्ती हलविली की तिच्यापुढे केलेल्या कित्येक पिढ्यांच्या प्रार्थनांची खूणही हलते. म्हणून बदलापूर्वी त्याचा अर्थ समजावून द्यावा, आणि सहभागाबरोबरच एकांत प्रार्थनेसाठीही शांत कोपरा राखावा.

रामाकोना-सौंसरसारख्या ग्रामीण परिसरात वास्तुशिल्पी कोठून आणावा, असे कोणी विचारील. त्याची गरज नाही. एका खोलीच्या प्रार्थनागृहातही तीन प्रश्न विचारता येतात: वेदी सर्वांना दिसते काय? प्रभुशब्दाच्या वाचनासाठी मानाची, निश्चित जागा आहे काय? बाप्तिस्म्याचे पाणी कोपऱ्यात दडलेले तर नाही? धर्मशिक्षकांनी मुलांना वेदी, वाचनपीठ व बाप्तिस्मापात्र यांच्याजवळ नेऊन शिकविल्यास भिंतीही त्यांच्या साहाय्यास येतील.