न्यूटन संगणक: परीक्षकांचा निकाल आणि चाहत्यांचा प्रतिवाद

अमेरिकेतील ॲपल कंपनीने ऑगस्ट १९९३ मध्ये बाजारात आणलेला 'न्यूटन मेसेजपॅड' हा हातात धरून वापरायचा संगणक २७ फेब्रुवारी १९९८ रोजी बंद करण्यात आला. संगणकविषयक नियतकालिकांनी त्याच्या पहिल्या आवृत्तीवर कठोर टीका केली होती. ही टीका अन्यायकारक होती, असे त्याचे चाहते तेव्हापासून सांगत आले आहेत. परीक्षकाने आठवडाभर वापरून दिलेला निकाल खरा, की वापरकर्त्याने वर्षानुवर्षे वापरून काढलेला निष्कर्ष खरा, हा या वादातील मुख्य प्रश्न आहे. नव्या उपकरणांची परीक्षणे वाचून खरेदी करणाऱ्या प्रत्येकाशी तो निगडित आहे.

मोठ्या घोषणेनंतरचे आगमन

ॲपलचे तत्कालीन प्रमुख जॉन स्कली यांनी जानेवारी १९९२ मध्ये 'पर्सनल डिजिटल असिस्टंट', म्हणजे व्यक्तिगत अंकीय सहायक, ही संज्ञा प्रथम जाहीरपणे वापरली. त्याच वर्षी मे महिन्यात शिकागो येथील प्रदर्शनात न्यूटनचे प्रात्यक्षिक दाखवण्यात आले. कळफलक नसलेल्या या यंत्राच्या पडद्यावर लेखणीने लिहावे, यंत्राने ते हस्ताक्षर वाचून छापील अक्षरांत रूपांतरित करावे आणि भेटीगाठी, पत्ते व टिपणे यांची व्यवस्था ठेवावी, अशी ही कल्पना होती.

प्रत्यक्ष यंत्र बाजारात येण्यास आणखी एक वर्षाहून अधिक काळ लागला. तोपर्यंत स्कली प्रमुखपदावरून दूर झाले होते. पहिल्या मेसेजपॅडची किंमत सुमारे ७०० डॉलर होती. त्यात २० मेगाहर्ट्‌झ गतीचा एआरएम ६१० प्रोसेसर आणि ६४० किलोबाइट स्मृती होती. त्या काळाच्या मानाने ही क्षमता लहान नव्हती. परंतु कोणाचेही हस्ताक्षर वाचण्याचे आश्वासन पार पाडण्यास ती अपुरी पडत होती.

परीक्षकांनी नेमक्या याच ठिकाणी बोट ठेवले. यंत्र साधी वाक्ये चुकीची वाचते, खिशात मावत नाही, किंमत सामान्य ग्राहकाच्या आवाक्याबाहेर आहे आणि संदेश पाठवण्यासाठी मोडेम वेगळा घ्यावा लागतो, असे आक्षेप घेण्यात आले. त्याच महिन्यात गॅरी ट्रूडो यांच्या 'डून्सबरी' या वृत्तपत्रीय चित्रमालिकेने या यंत्राच्या चुकांची सलग काही दिवस थट्टा केली. १९९४ मध्ये 'द सिम्पसन्स' या दूरचित्रवाणी मालिकेतही त्यावर विनोद करण्यात आला. संगणकाशी फारसा संबंध नसलेल्या अमेरिकी नागरिकालाही त्यामुळे न्यूटन माहीत झाला, तो वाचता न येणारे यंत्र म्हणून.

यंत्र चुकत का होते?

न्यूटनच्या चुका हास्यास्पद का वाटत, हे समजून घेण्यासाठी त्याच्या वाचनाची पद्धत पाहावी लागेल. पहिल्या न्यूटनमधील हस्ताक्षर ओळखणारी प्रणाली मॉस्कोमध्ये सुरू झालेल्या 'पॅराग्राफ' या कंपनीची होती. ही प्रणाली जोडून लिहिलेला संपूर्ण शब्द एकदम पाही आणि यंत्रात साठवलेल्या शब्दसंग्रहातील कोणत्या शब्दाशी तो अधिकात अधिक जुळतो, याचा अंदाज बांधी.

या पद्धतीचा लाभ असा की, अक्षरे अस्पष्ट असली तरी परिचित शब्द ओळखता येतो. तिचा दोषही यातूनच निर्माण होतो. लिहिलेला शब्द संग्रहातच नसेल, तर यंत्र दुसरा एखादा शब्द निवडते. मराठीतील उदाहरण घ्यावयाचे झाल्यास, संग्रहात 'तांबट' हे आडनाव नसून 'तांबडा' हे विशेषण असेल, तर यंत्र 'तांबट' वाचताना 'तांबडा' असे छापील. एखादे अक्षर चुकले तर वाचकाला मूळ शब्दाचा अंदाज येतो. येथे मात्र शब्द शुद्ध असे आणि वाक्य निरर्थक होई. अशी चूक लक्षात राहते आणि ती इतरांना सांगावीशीही वाटते.

दुसरी बाब सरावाची होती. ही प्रणाली एकाच व्यक्तीचे लेखन पुनःपुन्हा पाहून हळूहळू त्या वळणाशी जुळवून घेत असे. वापरकर्त्याने चूक दुरुस्त करावी, नवे शब्द संग्रहात घालावेत, थोडे सुटसुटीत लिहावे आणि काही आठवडे धीर धरावा, अशी तिची अपेक्षा होती. दुकानात मांडलेल्या यंत्रावर मात्र दिवसभरात अनेक जण आपापली सही करून पाहत. अशा यंत्राला कोणत्याच हस्ताक्षराची सवय होणे शक्य नव्हते. मासिकाच्या कार्यालयात मर्यादित काळासाठी आलेल्या यंत्राची स्थितीही याहून फार वेगळी नसावी.

चाहत्यांचे म्हणणे

न्यूटन नियमित वापरणाऱ्यांचा प्रतिवाद याच मुद्द्यावर उभा होता. परीक्षकाने यंत्राशी पहिली ओळख करून घेतली आणि त्या ओळखीलाच अंतिम मत मानले, असे ते म्हणत. त्यांच्या अनुभवानुसार काही आठवड्यांनंतर चुका लक्षणीय प्रमाणात कमी होत. शिवाय हस्ताक्षर वाचणे हे यंत्राच्या अनेक कामांपैकी एक काम होते. टिपणांमध्ये शब्द आणि रेखाटने एकत्र ठेवता येत. हाताने काढलेला वेडावाकडा चौकोन यंत्र सरळ करून देई. अमुक व्यक्तीबरोबर अमुक दिवशी भोजन, असे लिहिल्यास ते दिनदर्शिकेत नोंद करण्याची तयारी करी. या सोयींना परीक्षणांत पुरेसे स्थान मिळाले नाही, ही त्यांची तक्रार होती.

या तक्रारीत तथ्य होते. तथापि परीक्षकांचीही बाजू दुबळी नव्हती. कंपनीने आपल्या प्रचारात हस्ताक्षर ओळखण्याच्या क्षमतेलाच अग्रस्थान दिले होते. ज्या गुणाच्या बळावर वस्तू विकली जाते, तोच गुण प्रथम तपासणे हे परीक्षकाचे कर्तव्य ठरते. सातशे डॉलर मोजणाऱ्या ग्राहकाने यंत्राला शिकवण्यासाठी आठवडे द्यावेत, अशी अपेक्षा असेल, तर तेही खरेदीपूर्वी सांगितले गेले पाहिजे. किंमत आणि आकारमान यांविषयीच्या आक्षेपांना तर चाहत्यांकडेही समाधानकारक उत्तर नव्हते.

हे आक्षेप किती वास्तव होते, ते १९९६ मध्ये दिसून आले. पाम कंपनीचा 'पायलट' हा संगणक त्या वर्षी २९९ डॉलरना बाजारात आला आणि तो सदऱ्याच्या खिशात मावत होता. त्याने हस्ताक्षर वाचण्याचा प्रयत्नच केला नाही. प्रत्येक अक्षरासाठी एक ठरावीक सोपी खूण शिकण्याचे काम त्याने माणसावर सोपवले. 'ग्राफिटी' नावाची ही लिपी पाम कंपनीने त्यापूर्वी न्यूटनसाठीही विकली होती. ग्राहकांनी ती आनंदाने आत्मसात केली. यंत्राने माणसाकडून शिकण्यापेक्षा माणसाने यंत्राची लिपी शिकणे त्या काळात अधिक सोपे ठरले.

सुधारणा झाली, प्रतिमा बदलली नाही

दरम्यान न्यूटनही बदलला होता. ॲपलच्या स्वतःच्या संशोधन विभागाने सुट्या अक्षरांतील लेखन ओळखणारी नवी प्रणाली विकसित केली आणि १९९६ च्या आरंभी दुसऱ्या आवृत्तीच्या कार्यप्रणालीसह ती ग्राहकांना मिळाली. ही प्रणाली न्यूरल नेटवर्कच्या आधारे एकेक अक्षर ओळखत असे आणि शब्दसंग्रहावर कमी विसंबून राही. चूक झालीच, तरी ती एखाद्या अक्षरापुरती राही आणि मूळ शब्द ध्यानात येई. १९९७ मध्ये आलेल्या मेसेजपॅड २००० मध्ये १६२ मेगाहर्ट्‌झ गतीचा स्ट्राँगआर्म प्रोसेसर होता. पहिल्या यंत्रातील २० मेगाहर्ट्‌झशी तुलना केल्यास चार वर्षांतील अंतर लक्षात येते.

न्यूटनची नवी आवृत्ती पूर्वीपेक्षा बरीच चांगली असल्याचे टीकाकारांनीही मान्य केले. परंतु १९९३ चा विनोद जनमानसातून पुसला गेला नाही. निर्मात्यांनी मात्र तो खिलाडूपणे घेतला. 'डून्सबरी'तील ज्या निरर्थक शब्दजोडीमुळे यंत्राची सर्वाधिक थट्टा झाली होती, ती शब्दजोडी नंतरच्या यंत्रावर लिहिल्यास त्या चित्रमालिकेतील चौकट पडद्यावर येईल, अशी गुप्त योजना त्यांनी करून ठेवली होती.

परीक्षणाविषयीचा चाहत्यांचा खरा आक्षेप येथे समजतो. यंत्राची आवृत्ती बदलते, परंतु त्यावर एकदा दिलेल्या निकालाची सुधारित आवृत्ती तितक्याच लोकांपर्यंत पोहोचत नाही. पहिल्या टीकेला पहिल्या पानावर जागा मिळते. दुरुस्तीची बातमी मात्र ज्यांना त्या वस्तूत आधीच रस आहे, तेवढेच वाचतात.

बंदी, निदर्शने आणि निष्ठा

१९९७ मध्ये ॲपलने न्यूटनसाठी स्वतंत्र कंपनी स्थापन केली आणि स्टीव्ह जॉब्स यांच्या पुनरागमनानंतर त्याच वर्षी ती पुन्हा मूळ कंपनीत विलीन केली. पुढच्या फेब्रुवारीत उत्पादन थांबवण्याची घोषणा झाली. मॅकिंटॉशच्या कार्यप्रणालीवर लक्ष केंद्रित करण्यासाठी हा निर्णय घेतल्याचे कंपनीने सांगितले. त्यानंतर काही वापरकर्त्यांनी कॅलिफोर्नियातील क्युपर्टिनो येथील कंपनीच्या मुख्यालयासमोर फलक घेऊन निदर्शने केली. ग्राहकांनी एखादे उत्पादन बंद होऊ नये म्हणून रस्त्यावर यावे, हे संगणक व्यवसायात क्वचितच घडले होते.

या निष्ठेचा पुढे शास्त्रीय अभ्यासही झाला. अल्बर्ट मुनिझ आणि होप शाऊ या अभ्यासकांचा न्यूटनच्या चाहत्यांवरील शोधनिबंध २००५ मध्ये 'जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हे चाहते परस्परांना सांगत असलेल्या कथांमध्ये छळ सोसणे, श्रद्धेचे फळ मिळणे, मृतवत यंत्र आश्चर्यकारकरीत्या पुन्हा सुरू होणे आणि निर्मात्याचे पुनरागमन, अशी धार्मिक कथांशी साम्य असलेली सूत्रे त्यांना आढळली. प्रतिकूल परीक्षण या कथांमध्ये छळाच्या भूमिकेत येते. टीका जितकी तीव्र, तितका समूह अधिक घट्ट होतो आणि टीकेतील ग्राह्य भागही त्याच ओघात नाकारला जाण्याचा संभव असतो.

या निष्ठेतून भरीव कामही उभे राहिले. कंपनीने हात काढून घेतल्यावर स्वयंसेवी प्रोग्रामरांनी जुन्या यंत्रांना बिनतारी जाळ्याशी जोडणारी साधने लिहिली. न्यूटनचे कार्य आधुनिक संगणकावर घडवून आणणारी 'आइन्स्टाइन' नावाची प्रणाली तयार झाली. २००४ मध्ये पॅरिस येथे चाहत्यांचे आंतरराष्ट्रीय संमेलन भरले. न्यूटनची प्रोग्रामिंग भाषा पूर्णांकांसाठी ३० बिटांचीच जागा देत असल्यामुळे १ जानेवारी १९९३ पासूनच्या सेकंदांची गणना ५ जानेवारी २०१० रोजी मर्यादेबाहेर जाणार होती आणि यंत्रातील तारखा बिघडणार होत्या. उत्पादन थांबून बारा वर्षे झाली असतानाही चाहत्यांनी त्यावर दुरुस्ती तयार केली. २०१८ मध्ये या समूहावर 'लव्ह नोट्स टू न्यूटन' हा माहितीपटही आला.

मागे काय उरले?

न्यूटनमधील हस्ताक्षर ओळखण्याचे तंत्र २००२ मध्ये ॲपलच्या मॅक संगणकात 'इंकवेल' या नावाने पुन्हा वापरात आले. त्याहून दूरगामी परिणाम प्रोसेसरचा झाला. ॲपल, एकॉर्न आणि व्हीएलएसआय टेक्नॉलॉजी यांनी नोव्हेंबर १९९० मध्ये स्थापन केलेल्या एआरएम कंपनीत ॲपलने भांडवल घातले, ते न्यूटनसाठी कमी विजेवर चालणारा प्रोसेसर हवा होता म्हणून. बंगळुरू येथे विकसित झालेला 'सिंप्युटर' हा भारतीय हस्तसंगणकही स्ट्राँगआर्म प्रोसेसरवरच चालत असे. आज भारतातील जवळजवळ प्रत्येक भ्रमणध्वनी एआरएमच्या आराखड्यावर आधारित प्रोसेसरवर चालतो. ज्या यंत्राची वाचता येत नाही म्हणून थट्टा झाली, त्याच्या गरजेतून वाढलेले तंत्र अशा रीतीने सर्वसामान्यांच्या हाती पोहोचले.

म्हणून १९९३ चे परीक्षक चुकले, असे म्हणता येणार नाही. त्यांच्यापुढे ठेवलेले यंत्र त्यांनी वर्णन केले तसेच होते. भविष्यात ते काय होईल, यासाठी ग्राहकाने आज पैसे मोजावेत, असा सल्ला कोणताही प्रामाणिक परीक्षक देणार नाही. चाहतेही चुकले नव्हते. त्यांनी सरावाने घडवलेले यंत्र परीक्षकाने पाहिलेच नव्हते.

परीक्षण वाचताना वाचकाने तीन गोष्टी पाहणे हिताचे ठरते. परीक्षकाने कोणती आवृत्ती तपासली, ती किती काळ वापरली आणि ज्या कामासाठी आपल्याला वस्तू हवी आहे, ते काम करून पाहिले की नाही. चाहत्याचे मत ऐकतानाही हेच प्रश्न विचारावेत. त्यात आणखी एका प्रश्नाची भर घालावी लागेल: त्या वस्तूचा कोणता दोष त्याला स्वतःला मान्य आहे? या प्रश्नाचे सरळ उत्तर देणाऱ्या चाहत्याकडून परीक्षणात न सापडणारी माहिती मिळू शकते.