गणवेश रंगवताना हात जपा

रंगारगल्लीचे नाव मिरवणाऱ्या आपल्या छत्रपती संभाजीनगरास कापड रंगवणे नवे नाही. नातवंडाच्या स्नेहसंमेलनासाठी कराटेचा जुना सुती गणवेश घरी रंगवण्याची हौस आजी-आजोबांनी अवश्य पुरवावी. स्पर्धेचा गणवेश मात्र पांढराच ठेवावा.

तत्पूर्वी स्वतःच्या हातांचा विचार करा. दीर्घकाळच्या मधुमेहात बोटांची संवेदना मंदावू शकते. पाणी किती कढत आहे हे वेळेवर कळत नाही आणि हात भाजतो. म्हणून थंड पाण्यात चढणारा रंग निवडावा.

तो पक्का होण्यासाठी घातलेला धुण्याचा सोडा उतारवयातील पातळ त्वचेला झोंबतो. लांब रबरी हातमोजे घालावेत. रंगाची कोरडी पूड श्वासावाटे गेल्यास दमा बळावू शकतो. दमेकऱ्यांनी ती हाताळूच नये. इतरांनी मुखपट्टी लावून, पंखा बंद करून कालवावी. स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत.

निथळ पाणी येईपर्यंत कापड खळबळावे, अन्यथा घामाबरोबर रंग मुलाच्या अंगाला लागतो. पुरळ उठल्यास अथवा धाप लागल्यास त्वरित डॉक्टरांना दाखवावे.

कालवणे-पिळणे तरुणांकडे सोपवा. वाळलेल्या कापडावर चांगल्या उजेडात, खुर्चीवर बसून नक्षी रेखाटणे, हा मान मात्र आपला!