थम लागला नाही तर दोष कुणाचा?

कंट्रोलच्या दुकानात मशीन आल्यापासून आपल्या घरांत एक वाक्य रुळले आहे : ‘थम लागत नाही.’ बाभुळगावसारख्या तालुक्याच्या गावी महिन्याच्या धान्याच्या दिवसांत रांगेत उभे राहिले की ते हमखास कानावर पडते. म्हणणारी बहुधा एखादी वयस्क खाला असते, ओढणीने बोट पुन्हा पुन्हा पुसत. दुकानदार म्हणतो, ‘दुसरं बोट लावा खाला.’ मग तिसरे. मागची रांग कुरकुरायला लागते. शेवटी तो म्हणतो, ‘उद्या या.’ खाला त्याला दोष देते, तो तिच्या बोटांना दोष देतो, आणि ज्या मशीनने नकार दिला ते गप्प बसून असते.

या गप्प मशीनबद्दल आम्हाला बोलायचे आहे. मशीन हवे की नको, हा वाद आता जुना झाला. ते चालवायला ज्याला बसवले आहे त्याला ते हात देते की त्याचेच हात बांधते, याचा विचार मात्र आपल्याकडे फार कमी होतो.

आधी ते काम कसे करते ते पाहू. बोटाची ओळख दुकानातले मशीन स्वतः पटवत नाही. ते बोटाची छाप मोबाईलच्या नेटवर्कवरून आधारच्या मध्यवर्ती संगणकाकडे पाठवते आणि तिथून ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर येते. ‘नाही’ आले तर सोबत एक आकडा येतो. ३०० हा आकडा आला की छाप जुळली नाही. पण का जुळली नाही? बोट ओले होते, काचेवर मळ होता, की रेषाच झिजल्या? हे दुकानदाराला कळायला मार्ग नाही. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. वेचणीच्या दिवसांत सुकलेल्या बोंडांची टोके बायांच्या बोटांना ओरखडत राहतात. त्यावर धुणीभांडी, गिट्टी-सिमेंटची मजुरी, आणि वय. ईदच्या आसपास बोटांच्या टोकांपर्यंत गेलेली दाट मेंदी असली तरी काही वेळा अडचण येते. आधारच्याच व्यवस्थेत माणसाचे कोणते बोट सर्वांत चांगले जुळते ते शोधून ठेवण्याची सोय आहे. पण ते बोट कोणते, हे खालाला कुणी सांगितलेले नसते. मग दर महिन्याला दहाही बोटांची परीक्षा नव्याने सुरू होते.

मोठ्या कारखान्यांनी हा धडा फार महाग किंमत देऊन घेतला आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९ च्या पहाटे एक झडप उघडीच अडकून राहिली आणि अणुभट्टी थंड ठेवणारे पाणी बाहेर जाऊ लागले. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र झडप बंद झाल्यासारखा दिसत होता. कारण तो दिवा झडपेला बंद होण्याचा हुकूम गेला एवढेच सांगत होता. झडप खरोखर बंद झाली की नाही, हे तो सांगतच नव्हता. त्याच वेळी शंभरावर धोक्याच्या सूचना एकदम वाजत-चमकत होत्या. पाणी जास्त झाले आहे असे समजून कामगारांनी उलट आणीबाणीचे पाणीच कमी केले. सुरुवातीला बोट त्या कामगारांकडेच दाखवले गेले. चौकशीत पुढे आले की त्यांचे शिक्षण अपुरे होते आणि समोरची यंत्रणाही त्यांचा गोंधळ वाढवणारी होती. चार वर्षांनी, १९८३ साली, मानसशास्त्रज्ञ लिझन बेनब्रिज यांनी एका छोट्या निबंधात मांडले की यंत्र जितके स्वयंचलित होते तितका माणूस जास्त महत्त्वाचा होतो, कारण यंत्राला जे जमत नाही तेच नेमके त्याच्या वाट्याला उरते. सोपे काम मशीनचे, अवघड माणसाचे, आणि त्या अवघड कामासाठी साधन काहीच नाही.

कंट्रोलच्या दुकानात याहून वेगळे काय होते? थम लागला तर मशीनचे नाव, नाही लागला तर दुकानदाराची आणि खालाची जुंपलेली.

चालवणाऱ्याचा विचार करून यंत्र बनवणे ही काही आजची कल्पना नाही. दियारबकरच्या अर्तुकी सुलतानाच्या दरबारात अल्-जजरी नावाचा कारागीर होता. १२०६ साली त्याने आपल्या यंत्रांचे पुस्तक पूर्ण केले. वुजूच्या वेळी नोकराने हातावर पाणी ओतावे हे सुलतानाला रुचत नसे, म्हणून अल्-जजरीने पाणी ओतणारी यंत्रे बनवली. त्यातल्या एकात मोराच्या चोचीतून पाणी येते, खालच्या भांड्यात ते साठते, आतला तरंगता तुकडा वर चढतो आणि एका दारातून बाहुली साबणाची पूड घेऊन बाहेर येते. पाणी आणखी चढले की दुसरी बाहुली रुमाल घेऊन येते. हा शाही शौक होता हे मान्य. पण वापरणाऱ्याला पुढे काय करायचे ते न सांगता कळत होते. आणि प्रत्येक यंत्र कसे जोडायचे ते त्याने आकृत्यांसह लिहून ठेवले, म्हणजे दुसऱ्या कारागिराला ते बनवता यावे. आपल्या अंगणवाडी सेविकांना दिलेल्या फोनबद्दल हे म्हणता आले असते तर बरे झाले असते.

केंद्र सरकारचे ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप १ मार्च २०२१ ला सुरू झाले. मुलांचे वजन, उंची, गरोदर मातांची नोंद, घरी न्यायचा आहार, सगळे त्यात भरायचे. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभर अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल कार्यालयांत नेऊन परत केले. फोन जुने, त्यांची क्षमता तोकडी, ते तापत, बंद पडत, आणि दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या तुटपुंज्या मानधनातून. त्यावर ॲप इंग्रजीत. आधीचे ॲप मराठीत होते, मग हे का नाही, असा त्यांचा सवाल होता. पुढे २०२३ च्या संपातही चांगला फोन आणि मराठीतले ॲप ही मागणी होतीच. जिला मोहल्ल्यातल्या प्रत्येक लेकराचे वजन वहीत मराठीत अचूक लिहिता येते, तिच्यासमोर इंग्रजी रकाने ठेवले की ती अडाणी ठरते. आपल्या वस्त्यांत काही सेविका आणि मदतनीस उर्दू माध्यमातून शिकलेल्या आहेत, त्यांना तर मराठीनंतर ही दुसरी भिंत. आणि एक रकाना चुकला, वजनाच्या जागी चुकीचा आकडा गेला, तर कुपोषित लेकरू कागदावर धडधाकट होते. ही चूक मग सेविकेच्या नावावर लागते.

१ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी लाभार्थी बाईचा चेहरा फोनवर ओळखला जाणे सक्तीचे झाले. चेहरा आधारवरच्या नोंदीशी जुळला पाहिजे. आधारचा फोटो लग्नाआधीचा, समोर बसलेली बाई दोन बाळंतपणांनंतरची, अंगणात ऊन आणि फोनला रेंज नाही. सेविका तिला लहानपणापासून ओळखते, पण तिची ओळख चालत नाही, फोनची चालते. सेविका बाईमाणूस असल्याने पर्द्याचा प्रश्न बराचसा सुटतो. तरी हा फोटो चारचौघांत अंगणात न काढता आत काढा, एवढे सांगायला आपल्या भगिनींनी संकोच करू नये.

आपल्या लोकांना आणखी एक जाच आहे, नावांचा. सेतू केंद्रावर किंवा ऑनलाइन अर्ज भरणाऱ्या दुकानात बसलेला मुलगा ऐकून टाइप करतो. ‘शेख’ इंग्रजीत किमान चार तऱ्हांनी लिहिता येते. ‘रुखसाना’तला ख कुठे जातो ते अल्लाहलाच ठाऊक. ‘बी’ कधी नावाला चिकटते, कधी आडनाव बनते, कधी गळते. आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरे, बँकेत तिसरे. मग कुठल्या तरी मशीनला हे जुळत नाही आणि बाईच खोटी ठरते. त्या मुलाला आम्ही फारसा दोष देत नाही. मागे पंचवीस जण उभे, अर्जामागे मिळणारे चार पैसे, आणि समोरचा पडदा त्याला ‘हेच नाव दुसऱ्या कागदावर असे आहे, बघ’ म्हणून कधीच टोकत नाही. आधार नोंदणीच्या ठिकाणी मात्र नोंदवून घेणाऱ्याकडे तोंड करून दुसरा पडदा ठेवायचा नियम आहे, म्हणजे त्याने आपले नाव दोन्ही भाषांत पाहून मग हो म्हणावे. सोय साधी आहे. जिथे पडदा एकच असेल तिथे ‘बेटा, जरा इकडे फिरव’ म्हणायचे, आणि वाचता येत नसेल तर सोबत शाळेतले लेकरू न्यायचे.

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मशीन आले ते उगाच नाही. वहीच्या जमान्यात न आलेल्या माणसाच्या नावावर धान्य उचलले जाई, मेलेल्यांचे अंगठे उठत आणि खाला रिकाम्या पिशवीने परत जाई. मशीनमुळे त्याला चाप बसला. वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेलेले कुटुंब आता परगावच्या दुकानातूनही आपले धान्य उचलू शकते. म्हणून दुकानदाराच्या हाती पुन्हा सगळी मर्जी द्या, असे आम्ही म्हणणार नाही. पण मशीन चुकले तर ते चुकले असे म्हणण्याचा अधिकार कुणाला तरी हवा, आणि तो वापरल्याची नोंदही राहायला हवी.

ही वाट कागदावर आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात ११ वर्षांची एक मुलगी वारली. आधारशी न जोडल्याने घराचे रेशनकार्ड बाद झाले होते आणि ती भुकेने गेली, असे घरच्यांनी सांगितले. सरकारने मलेरियाचे कारण दिले. देशभर गदारोळ झाला आणि २४ ऑक्टोबर २०१७ ला केंद्राने राज्यांना कळवले की आधार नाही किंवा बोट जुळत नाही एवढ्यावरून खऱ्या लाभार्थ्याला धान्य नाकारू नये. अशा माणसाची दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून धान्य द्यावे आणि त्याची वेगळी नोंद ठेवावी. मोबाईलवर येणारा ओटीपी हा एक मार्ग, काही नव्या मशीनना डोळ्याच्या बुबुळावरून ओळखण्याची सोय हा दुसरा, आणि काहीच चालले नाही तर कार्ड पाहून नोंदवहीत सही.

अडते ते इथेच. नोंदवही उघडायला दुकानदार कचरतो. जास्त नोंदी झाल्या तर वरून विचारणा होईल, आपल्यावरच चोरीचा ठपका येईल, ही त्याची भीती खोटी नाही. खरी दुरुस्ती मशीनमध्येच हवी. तीन वेळा बोट नाकारले की मशीनने आपणहून पुढचा मार्ग दाखवावा, मराठीत कारण सांगावे आणि ‘मशीनने ओळखले नाही’ अशी पावती छापावी. मग ‘उद्या या’ म्हणायची वेळ दुकानदारावर येणार नाही, आणि त्याने कुणाला खोटेच परतवले तर तेही उघडे पडेल.

तोवर हे काम दक्षता समितीचे आहे. अन्नसुरक्षा कायद्याने रेशन दुकानापासून राज्यापर्यंत अशा समित्या सांगितल्या आहेत. बाभुळगाव असो की दुसरे गाव, आपल्या दुकानाच्या समितीत कोण आहे ते तहसील कार्यालयाच्या पुरवठा विभागात विचारता येते. तक्रारीसाठी १९६७ हा क्रमांक आहे. समितीची यादी हाती आली की आधी पाहा, त्यात आपल्या मोहल्ल्यातली एखादी बाई आहे का. नसेल तर येत्या ग्रामसभेत किंवा नगरपंचायतीच्या सदस्याकडे नाव सुचवा. जिचा स्वतःचा थम लागत नाही अशा खालाचेच सुचवले तर फारच उत्तम.