ऑक्सिजन किती, त्यावर वीजवहन

इट्रियम, बेरियम आणि तांबे यांचे मिश्र ऑक्साइड (वायबीसीओ) हे पेरोव्हस्काइट कुळातले संयुग. १९८७ मध्ये अमेरिकेत पॉल चू आणि मॉ-क्वेन वू यांच्या गटांनी त्यात सुमारे ९३ केल्व्हिनला अतिवाहकता दाखवली. द्रव नायट्रोजनच्या तापमानात (७७ केल्व्हिन) टिकणारा हा पहिला अतिवाहक. धातूंचे प्रमाण तेच ठेवून फक्त ऑक्सिजन बदलला, की त्याचे गुणधर्म पालटतात.

तांब्याच्या दर ३ अणूंमागे ऑक्सिजनचे अणू
● ६.० : विद्युतरोधक
● सुमारे ६.६ : ६० केल्व्हिनच्या आसपास अतिवाहक
● सुमारे ६.९ : ९० केल्व्हिनच्या वर अतिवाहक

असे का? वाढीव ऑक्सिजन स्फटिकातल्या तांबे-ऑक्सिजनच्या साखळ्यांत बसतो आणि शेजारच्या थरांतून इलेक्ट्रॉन ओढून घेतो. थरांत उरलेल्या धनभारित रिक्त जागा, म्हणजे ‘होल’, वीज वाहतात.

भट्टीत काय करतात? सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजताना ऑक्सिजन निसटतो. म्हणून नमुना ऑक्सिजनच्या प्रवाहात सावकाश थंड करतात आणि ४०० ते ५०० अंशांदरम्यान बराच वेळ ठेवतात. ही पायरी घाईत उरकली, तर अतिवाहकता खालावते.

उलटेही घडते : स्ट्रॉन्शियम टायटनेट मुळात विद्युतरोधक. त्यातून ऑक्सिजनचा एक अणू निघाला, की दोन इलेक्ट्रॉन मागे राहतात आणि हे टायटनेट वीज वाहू लागते. त्यामुळे अशा ऑक्साइडची वाहकता सांगताना त्यातल्या ऑक्सिजनचे प्रमाण सांगणे अत्यावश्यक ठरते.