एका लॅपटॉपवर दोन चुली

गेल्या पावसाळ्यात माझ्या एका संशोधक विद्यार्थिनीने नवा लॅपटॉप घेतला. प्रबंधाची चार प्रकरणे त्यात होती आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. विभागातल्या एका उत्साही मुलाच्या सल्ल्याने तिने विंडोजच्या जोडीला उबंटू बसवायचे ठरवले. त्यासाठी ‘सिक्युअर बूट’ नावाची सोय बंद केली. यंत्र पुन्हा सुरू झाले ते निळा पडदा घेऊनच: ४८ अंकी रिकव्हरी की द्या. ती तिच्यापाशी नव्हती. दुकानातल्या माणसाने लॅपटॉप ‘चालू करून देताना’ स्वतःच्याच ईमेलचे खाते जोडले होते आणि तो तोवर नोकरी सोडून गेला होता. रात्री नऊला तिचा फोन आला. आवाजावरूनच कळले की प्रकरण गंभीर आहे.

आमच्यासारख्या साहित्याच्या माणसांना हा विषय परका वाटतो, पण वाटतो तितका तो अवघड नाही. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्राचा कारभारी. कळफलक, पडदा, डिस्क, सारे त्याच्या हुकमात. डिस्कचे भाग पाडून दोन कारभारी ठेवता येतात. यंत्र सुरू करताना कोणाच्या हाती कारभार द्यायचा ते आपण निवडतो. लिनक्सचा गाभा लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१मध्ये हेलसिंकीत विद्यार्थी असताना लिहिला. त्यावर उभारलेली उबंटू २००४पासून विनामूल्य मिळते. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये तिची दीर्घ मुदतीची आवृत्ती येते आणि तिला पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. नवख्याने तीच घ्यावी.

मराठी लिहिणाऱ्याला याचा उपयोग काय? केवळ टंकनासाठी हा खटाटोप करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. युनिकोड मराठी विंडोजवरही उत्तम लिहिता येते. उपयोग आहे तो वेगळाच. आमच्या इंदुरात टंकन करून देणारी बहुतेक मंडळी हिंदीच्या सवयीची. त्यांच्या हातून ‘दऱ्या’ लिहायला सांगावे तर ‘दर्या’ येतो आणि डोंगरातली वाट समुद्रात जाते. (इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून ‘र’ची कळ दाबली की ‘ऱ’ येतो, पुढे हलन्त आणि ‘य’. एवढेच.) त्याहून मोठा घोटाळा जुन्या फाँटांचा. त्या फाँटांत टंकलेल्या मजकुरात पडद्यामागे रोमन अक्षरे आणि चिन्हेच असतात; फाँट त्यांना देवनागरीचे सोंग देतो. फाँट नसलेल्या यंत्रावर सोंग उतरते. म्हणून दुसरी प्रणाली ही आपल्या फायलींची परीक्षा आहे. तिथे जी फाईल मराठीतच उघडली, ती सहसा खरोखर मराठीत आहे.

आता कृती. सर्वांत आधी आपले सर्व लेखन बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावे आणि ती डिस्क दुसऱ्या खोलीत ठेवावी. मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा ‘बिटलॉकर’ चालू आहे का ते पाहावे. हल्लीच्या लॅपटॉपवर ते बहुधा न विचारताच चालू असते आणि त्याची किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाते. ते खाते आपलेच आहे याची खात्री करावी, किल्ली कागदावर लिहून घ्यावी, आणि शक्यतो एन्क्रिप्शन बंद करून ते पूर्ण उलगडेपर्यंत थांबावे. ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद करावे. ते चालू असले की विंडोज पुरती झोपत नाही आणि तिच्या फायली लिनक्समधून नीट वापरता येत नाहीत.

जागा करायची ती विंडोजच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून, मुख्य विभाग आक्रसून. ५० जीबी पुष्कळ झाली. उबंटूची फाईल उतरवून ‘रूफस’सारख्या साधनाने पेनड्राईव्हवर चढवावी, पेनड्राईव्ह निदान ८ जीबीचा हवा आणि त्यातले जुने सारे पुसले जाईल हे ध्यानात असावे. त्यावरून यंत्र सुरू केले की डिस्कला हात न लावता उबंटू चालवून पाहता येते. हा टप्पा कोणी गाळू नये. वायफाय, आवाज, टचपॅड चालतात का ते इथेच कळते. काही लॅपटॉपवर इंटेलच्या साठवण-रचनेमुळे इन्स्टॉलरला डिस्क दिसतच नाही. तसे झाले तर हट्ट न धरता जाणत्याला दाखवावे.

पुढे एक प्रश्न येतो, सगळे त्यावरच आहे. विंडोजच्या ‘जोडीला’ बसवायचे, की डिस्क ‘पुसून’ बसवायचे? दुसरा पर्याय निवडला तर विंडोज, फायली, प्रबंध, काहीच उरत नाही. बाकीचे प्रश्न किरकोळ आहेत. बसवून झाल्यावर कळफलकात मराठी जोडावे आणि लिबरऑफिसमध्ये जटिल लिपीची भाषा मराठी करावी. विंडोजमध्ये परतल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसले तर घाबरू नये: यंत्रातल्या घड्याळाची वेळ लिनक्स जागतिक वेळ मानते आणि विंडोज स्थानिक.

त्या रात्री मी तिला एकच गोष्ट करायला सांगितली: जे बदललेस ते पूर्ववत कर. सिक्युअर बूट पुन्हा चालू होताच निळा पडदा गेला. यंत्राची सुरुवातीची मांडणी बदललेली दिसली म्हणूनच ते किल्ली मागत होते. मांडणी जुळली, कुलूप उघडले. खरे तर सिक्युअर बूट बंद करण्याची गरजच नव्हती, उबंटू ते चालू असतानाही बसते. तिने आधी प्रती काढल्या, खाते स्वतःचे केले आणि पंधरवड्याने उबंटू बसवले. तीन प्रकरणे तिथे नीट उघडली. चौथे एका टंकलेखकाकडून करून घेतलेले होते. ते उघडले तेव्हा पानभर रोमन अक्षरांचा चिवडा. रूपांतर करणाऱ्या साधनाने बहुतेक मजकूर सोडवला आहे. सध्या ती ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्ह’ एकेक करून हाताने तपासते आहे.