एकच लोकल, दोन खासदार

उल्हासनगर, प्रतिनिधी : उल्हासनगर कॅम्प नं. ३ मधील नोकरदार आणि बदलापूरचा नोकरदार रोज सकाळी एकाच लोकलने मुंबई गाठतात. लोकसभा निवडणुकीत मात्र दोघांच्या मतदानयंत्रावरील उमेदवार वेगळे असतात. उल्हासनगर आणि अंबरनाथ कल्याण मतदारसंघात, तर त्यापुढचे बदलापूर भिवंडी मतदारसंघात मोडते.

या विभागणीचे मूळ २००८ मध्ये अमलात आलेल्या मतदारसंघ पुनर्रचनेत आहे. त्याआधीच्या सीमा १९७१ च्या जनगणनेवर आधारित होत्या आणि उल्हासनगर ठाणे मतदारसंघात होते. तत्कालीन ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १९७१ मध्ये सुमारे २३ लाख होती. २००१ मध्ये ती ८१ लाखांवर गेली. साहजिकच येथील एका मताचे वजन घटत गेले. न्या. कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००१ ची जनगणना प्रमाण मानून जिल्ह्यात ठाणे, कल्याण, भिवंडी आणि पालघर असे चार मतदारसंघ आखले. राज्याच्या जागा मात्र ४८ च राहिल्या. त्यामुळे ठाण्याला मिळालेले इतरांना सोडावे लागले. कोकणातील रत्नागिरी व राजापूर जाऊन रत्नागिरी-सिंधुदुर्ग हा एकच मतदारसंघ झाला.

महाराष्ट्रात सहा विधानसभा क्षेत्रे मिळून लोकसभेचा एक मतदारसंघ होतो. विधानसभा क्षेत्राचे तुकडे करून ते दोन खासदारांत वाटता येत नाही. अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण पूर्व, डोंबिवली, कल्याण ग्रामीण आणि मुंब्रा-कळवा मिळून कल्याण मतदारसंघ बनला. बदलापूर मुरबाड विधानसभा क्षेत्रात गेले आणि मुरबाडबरोबर भिवंडीत.

याचा परिणाम केवळ कागदावरचा नाही. रस्ते, पाणी, कचरा यांसाठी कॅम्प नं. ३ चा रहिवासी महापालिकेकडे जातो. रेल्वे हा मात्र केंद्राचा विषय. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेसारख्या प्रश्नाचा पाठपुरावा त्यामुळे दोन खासदारांना एकदिलाने करावा लागतो.

राज्यनिहाय जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत कायम ठेवण्याची तरतूद ८४ व्या घटनादुरुस्तीने केली होती. मागील पुनर्रचनेत आयोगाने मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवल्या होत्या आणि जाहीर सुनावण्याही घेतल्या होत्या. नवा नकाशा आखला जाईल तेव्हा लोकलचे प्रवासी आपले म्हणणे वेळीच मांडतात का, यावर पुष्कळ काही अवलंबून राहील. कारण आयोगाच्या अंतिम आदेशाला न्यायालयात आव्हान देण्यास कायद्याने फारशी जागा ठेवलेली नाही.