'उंच' : एक शब्द, दोन मापे

ग्वाल्हेरच्या किल्ल्याची टेकडी उंच आणि तिच्या पायथ्याशी उभा असलेला पहारेकरीही उंच. मराठीला एकच विशेषण पुरते. इंग्रजीत मात्र टेकडी 'हाय' आणि मनुष्य 'टॉल'. रुंदीच्या मानाने ज्याची उभी वाढ अधिक, तो मनुष्य, वृक्ष वा मनोरा 'टॉल'. जमिनीपासूनचे अंतर सांगावयाचे असेल, तेथे 'हाय'. तानसेनाची समाधी असलेल्या या नगरीत तार सप्तकातील स्वरही 'हाय'च. परंतु नुसता मोठा आवाज 'लाउड'. शेजारच्या हिंदीची तऱ्हा आणखी निराळी : तेथे 'ऊँचा सुनना' म्हणजे कमी ऐकू येणे! तेव्हा मराठी मुलाने मनुष्यास 'हाय' म्हटले, तर त्याला मंद ठरवू नये. तो मातृभाषेच्या मापाने मोजीत असतो. शिक्षकाने दुसरे माप त्याच्या हाती द्यावे. पहिले हिरावून घेऊ नये.